हमाल

चहाचा कप पुढे करत ताईने धाकटीच्या कानाकडे बघितलं आणि विचारलं, "साखर पुरे ना गं?" घडलं ते एवढंच. धाकटीचा हात आपसूक कानाकडे गेला. कानातलं जागच्या जागी होतं. केसांत काही अडकलं असेल म्हणून तिने बट मागे सारली, तरी ताईची नजर तिथेच होती, कानाच्या पाळीच्या जरा पलीकडे, जणू धाकटीच्या मागे आणखी कुणी बसलंय आणि ताईचं बोलणं त्या कुणाशी चाललंय. शब्द मात्र धाकटीसाठीच होते. नवीन नाटक आलंय, भूमिका मोठी आहे, बघू, अजून होकार दिलेला नाही, तुझं काय, काम कसं चाललंय. धाकटी उत्तरं देत राहिली आणि मधूनमधून मान तिरकी करून आपला चेहरा ताईच्या नजरेसमोर आणायची खटपट करत राहिली. पण चेहरा नजरेत आला की नजर तेवढीच सरकायची, पाण्यावरचं पान बोटाने पकडायला जावं आणि ते बोटाच्याच लाटेने पुढे जावं तशी. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे तिच्या लक्षातही आलं नसतं. ताईची गोष्ट वेगळी. समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलणं ही तिची ख्याती होती. तिच्यासमोर उभं राहिलेले नट सांगायचे, बाईंनी एकदा बघितलं की आपलं वाक्य कुठे गेलं ते कळत नाही. आणि घरात तर त्या नजरेपुढे धाकटीचं एकही खोटं कधी टिकलं नव्हतं.

जिना उतरून रस्त्यावर आल्यावर पहिला विचार आला तो रागाचा. ताई रागावली असेल. मागे धाकटीला बक्षीस मिळालं तेव्हा ताई समारंभाला आली नव्हती, प्रयोग आहे म्हणाली होती, आणि त्यावर धाकटीनेही एक खोचक वाक्य टाकलं होतं. तेव्हापासून दोघींमधलं बोलणं गोडच होतं, पण पाहुण्यांशी असतं तसं गोड. तेच असेल. पण रागावलेली ताई नजर चुकवत नाही, ती रोखते, हे बसथांब्यापर्यंत पोचेतो धाकटीला आठवलं, आणि मग इतर गोष्टी एकेक करून पुढे येऊ लागल्या, बोलावल्याशिवाय. टीपॉयवर घडीही न मोडलेला पेपर. ताईचा चष्मा, जो तिच्या गळ्यात लटकत असायचा, तो फुलदाणीच्या मागे पडलेला. जिन्यात भेटलेल्या शेजारणीला ताईने "या ना" म्हटलं होतं, पण ती बोलल्यानंतर. त्याआधी ताई क्षणभर नुसती हसत उभी होती, कुणालाही चालेल असं हसू चेहऱ्यावर घेऊन. आणि फोन. हल्ली धाकटीने काही लिहून पाठवलं की ताईचा लगेच फोन यायचा. "लिहितेस काय परक्यासारखं, सरळ बोल की." यात माया आहे असं वाटून धाकटी मनातून सुखावली होती. बस आली. दाराशी आकडा होता, काळा, ठसठशीत. तिने तो वाचला आणि बस निघून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की हीच आपली बस होती.

ताईमुळेच ती अक्षरांच्या नादी लागली होती, हे ताईला कधी माहीत नव्हतं. लहानपणी ताई हौशी नाटकमंडळीत जायची आणि घरी वाक्यं पाठ करताना संहिता धाकटीच्या हातात द्यायची. काम सोपं होतं. ताई अडली की पुढचा शब्द सांगायचा. मंडळींचा टंकलेखक एकाच वेळी बऱ्याच प्रती काढायचा, मधे कार्बन घालून, आणि ताईची कामं तेव्हा लहान असल्याने तिच्या वाट्याला नेहमी सगळ्यात खालची प्रत यायची. वरच्या प्रतीत अक्षरं रेखीव यायची म्हणे. खालच्या प्रतीत ती सुजायची. काजळ फुटावं तशी त्यांची कड फुटायची, पण ती जाड व्हायची, पाय रोवून उभी राहायची. टंकयंत्राला बारीक-मोठं कळत नाही. किडकिडीत र असो की ऐसपैस क्ष, प्रत्येकाला जागा तेवढीच. नुसता काना, म्हणजे एक काडी, पण तोही पूर्ण जागा अडवून बसायचा, घरातल्या एखाद्या हटवादी काकासारखा. शिरोरेघ जागोजागी तुटलेली असायची. रफार स्वतःच्या अक्षरावर बसायचं सोडून शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसायचा. धाकटी ते बघत राहायची आणि तिकडे ताई भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून, एका शब्दापाशी खोळंबलेली असायची. "अगं पुढचं! झोपलीस का?" मग चिमटा. धाकटीला नाटकातलं काहीही आठवत नव्हतं, कोण कुणाला सोडून गेलं, कोण शेवटी मेलं; पण त्या पानावर 'म्हणून' हा शब्द कसा दिसायचा, ते ती आजही डोळे मिटून सांगू शकली असती.

म्हणूनच असेल, पहिल्या नोकरीत जेव्हा एका गोदामवाल्यांसाठी फॉन्ट करायचं काम आलं आणि बाकीच्यांनी नाकं मुरडली, तेव्हा तिने ते मागून घेतलं. खोक्यांवरच्या सूचना, कपाटांचे क्रमांक, मालाच्या पट्ट्या. गोदामातलं छपाईयंत्र जुनाट होतं, त्याला सगळी अक्षरं एकाच रुंदीची लागायची. गोदामात उजेड कमी, माणसं घाईत, हातात ओझं. अक्षर लांबून दिसलं पाहिजे, पुठ्ठ्यावर शाई पसरली तरी ओळखू आलं पाहिजे. तिने प्रत्येक उभ्या दंडाच्या पायाशी एक आडवी, जाड, चौकोनी पट्टी दिली, खांबाखाली दगड द्यावा तशी. बारीक रेघ कुठे ठेवलीच नाही. जाडी सगळीकडे सारखी. र एकटा पडू नये म्हणून त्याची शेपटी लांबवून तिलाही पाऊल दिलं. क्ष आणि ज्ञ यांना पोट आत घ्यायला लावलं. अक्षरांच्या मधे मोकळी हवा राहिली, इतकी की ओळ लांबून बघितली तर कवायतीला उभ्या राहिलेल्या माणसांसारखी दिसे. शेजारच्या टेबलावर बसणारा तिचा सहकारी, जो पुढे तिचा भागीदार झाला, तो पाठीमागे येऊन उभा राहिला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हा फॉन्ट नाही गं. हा हमाल आहे." नाव तेच पडलं. आणि हमालाने कामही तसंच केलं, न बोलता, वर्षानुवर्षं. खोक्यांवर, विजेच्या मीटरच्या पेट्यांवर, वाहनतळाच्या पावत्यांवर, कारखान्यांच्या दारांवर. हिशेबाच्या लांब याद्या छापणारे काही लोकही तो वापरायचे. एकाखाली एक अक्षरं नेमकी येतात, चूक पटकन दिसते, म्हणायचे. रस्त्यात तो दिसला की धाकटीला ओळखीचं माणूस दिसल्यासारखं व्हायचं, पण अशा ओळखीचं, की ज्याला हाक मारायची नसते. कारण नाव झालं ते दुसऱ्याच अक्षरांनी. नाजूक, वळणदार, दंडाच्या टोकाशी केसाएवढी होत जाणारी. कवितेच्या पुस्तकांना, अत्तराच्या बाटल्यांना, मोठ्या दवाखान्यांच्या काचेच्या दारांना लोक ती अक्षरं मागायला लागले. बक्षीसही त्यांनाच मिळालं.

दुसऱ्या दिवशी कामाच्या जागी तिचं चित्त लागेना. समोरच्या पडद्यावर तिचं बक्षीसपात्र अक्षर होतं, एक मोठा 'स', आणि त्याच्या गाठीची जाडी तिला सकाळपासून कमी-जास्त करायची होती. तिने भिंतीवर एक टाचणी टोचली. टाचणीच्या उजव्या बाजूला, तळहातभर अंतरावर, त्याच अक्षरांत छापलेलं एक पान लावलं. मग खुर्ची पुढे ओढून टाचणीवर नजर खिळवली आणि नजर न हलवता ते पान वाचायचा प्रयत्न केला. हे तिने का केलं ते तिला सांगता आलं नसतं. ताईच्या डोळ्यांत शिरून बघायचं एवढंच मनात होतं. पान दिसत होतं. पानावर ओळी आहेत हेही दिसत होतं. पण अक्षरं एकमेकांत शिरली होती, दोरीवर दाटीने वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांसारखी, कुठला सदरा कुठे संपतो ते कळू नये. तिच्या अक्षरांच्या बारीक रेघा तर कुठे दिसतच नव्हत्या. ज्या रेघांवर तिने महिने घालवले होते, ज्यांच्याबद्दल परीक्षकांनी 'श्वासाइतक्या हलक्या' असं लिहिलं होतं, त्या खरोखरच श्वासासारख्या निघून गेल्या होत्या आणि मागे उरले होते सुटे काळे तुकडे. डोळे पाणावले. टक लावल्यामुळे असेल. "काय चाललंय?" दाराशी भागीदार कॉफी घेऊन उभा होता. "भिंतीशी भांडण झालंय का?" ती म्हणाली, "मला आज लवकर जायचंय." त्याने टाचणीकडे बघितलं, पानाकडे बघितलं, आणि शहाण्या माणसासारखा कॉफी टेबलावर ठेवून निघून गेला.

ताईच्या घरचं दार भावजींनी उघडलं. भावजी म्हणजे मितभाषी माणूस. घरात बोलायचं काम ताईचं आणि ऐकायचं आपलं, अशी वाटणी त्यांनी लग्नातच मान्य केली होती. आज मात्र धाकटीला बघून त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काही आलं. "बरं झालं आलीस," ते हळूच म्हणाले, "मला न सांगायची शपथ घातलीय, पण तुला न विचारायची नाही." आतून ताईचा आवाज आला, "कोण आहे? आणि कुजबुजताय काय, मला ऐकू येतं, कान शाबूत आहेत माझे." मग ती बाहेर आली, आणि बहुतेक स्वतःच्याच वाक्यातल्या त्या शेवटच्या शब्दांनी तिला पकडलं, कारण ती थांबली. धाकटीने विचारलं, "आणि डोळे?"

ताई खुर्चीवर बसली. रंगमंचावर बसायची तशी नव्हे. आधी हाताने खुर्चीची पाठ चाचपून. "मधलं जातंय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेचं राहील. म्हणजे आंधळी नाही होणार मी. जिने चढीन, रस्ता ओलांडीन. फक्त जिकडे बघीन तिकडचंच दिसणार नाही. गंमत आहे की नाही? जे बघायचं असेल त्याच्या बाजूला बघायचं. तुझं तोंड बघायचं तर तुझ्या कानाकडे बघायचं. काल तू सारखी हलत होतीस, किती वैताग आणलास!" धाकटी हसली, आणि हसताहसताच तिने विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" "सांगून काय होणार होतं? तू अक्षरं करतेस, डोळे नाही करत." हे ताईने दुखवायला म्हटलं नव्हतं. नाटक सोडतेय असंही तिने तशाच सुरात सांगितलं. संहिता येऊन पडलीय. दिग्दर्शिका रोज फोन करते. भावजींनी वाचून दाखवलं, पण त्यांचं वाचणं म्हणजे हवामानाच्या बातम्या. ध्वनिमुद्रण ऐकून पाठ कर म्हणतात. "पण दुसऱ्याच्या आवाजात ऐकलं ना, की ते वाक्य त्याचं होतं गं. माझं होत नाही. मला ते आधी कागदावर मुकं बघावं लागतं." एवढं म्हणून ती उठली. "चल, चहा टाकते. उगाच सुतकी चेहरे करू नका."

भावजींनी ताईसाठी एक मोठा दिवा मागवला होता, वाचायचा, लांब दांडीचा. त्याचं खोकं दाराशी येऊन पडलं होतं. ताई आत गेल्यावर त्यांनी ते उचललं, उघडायला जागा हवी म्हणून टेबलाशी आणलं आणि आडवं करायला घेतलं. ताई चहाचा ट्रे घेऊन येत होती. नजर तिची कपांवर, म्हणजे कपांच्या जरा बाजूला. चालताचालता ती म्हणाली, "अहो, उभं धरा ना, 'आडवे ठेवू नका' लिहिलंय एवढं, फुटेल आतलं काही."

भावजी खोकं धरून तसेच उभे राहिले. धाकटीने खोक्याकडे बघितलं. पुठ्ठ्यावर काळ्या शाईत, शाई जरा पसरलेली, पाय रोवून उभी असलेली तीन शब्दांची ओळ. तिने ती अक्षरं ओळखली आणि तिला एकदम उभं राहावंसं वाटलं, कुणी वडीलधारं माणूस आत यावं तसं. "ताई," ती म्हणाली, "तू वाचलंस." "काय वाचलं?" "आत्ता. खोक्यावरचं." ताईने ट्रे खाली ठेवला. "ते मोठं आहे म्हणून दिसलं असेल." "त्याच्या वर कंपनीचं नाव आहे, त्याहून मोठं. ते काय आहे?" ताईने मान वळवली, तिरकी केली, खोक्याच्या एका कडेकडे बघितलं, मग दुसऱ्या. "ते ना? ते काहीतरी गिचमिड आहे," ती म्हणाली. नाव सुरेख अक्षरांत होतं, वळणदार, टोकाला बारीक होत जाणारं. धाकटीचं नव्हतं, पण असू शकलं असतं.

संहिता हमालाच्या अक्षरांत लावून छापायची, एवढंच ठरवून ती निघाली होती, पण काम वाटलं तितकं सरळ निघालं नाही. हमालाला खोक्यांपुरतीच भाषा येत होती. ठेवा, उचला, जपून, ओले करू नका. त्याच्याकडे प्रश्नचिन्ह नव्हतं, कारण खोकी काही विचारत नाहीत. उद्गारचिन्ह नव्हतं. 'ह्य' नव्हता, 'श्र' नव्हता, 'द्ध' असा होता की तो कुणी वाचण्यापेक्षा उचलायलाच बरा. नाटकात तर सगळीकडे प्रश्नच होते. एक बाई बऱ्याच वर्षांनी आपल्या मुलाकडे येते आणि दोन अंक भरून विचारत राहते. धाकटीने हातात असलेलं एका अत्तरवाल्यांचं काम बाजूला सारलं आणि प्रश्नचिन्ह काढायला घेतलं. पहिलं फार नटवं झालं. दुसरं आकड्यासारखं दिसलं, दोनच्या. तिसऱ्याला तिने खाली जाड चौकोनी टिंब दिलं आणि वरची कमान उघडी ठेवली, आणि ते पानावर असं उभं राहिलं की उत्तर मिळेपर्यंत हलणार नाही. दुपारी भागीदार येऊन बघून गेला. "एका वाचकासाठी फॉन्ट?" तो म्हणाला. "सुरुवात म्हणून," धाकटी म्हणाली. त्याने खुर्ची ओढली. "मग तो 'द्ध' मला दे. तो तेव्हाही मला बघवत नव्हता." इतक्या वर्षांत दोघं एकाच अक्षरावर असे वाकून कधी बसले नव्हते. तिला आठवलं, पहिल्या नोकरीत दोघांची टेबलं एकमेकांना चिकटून होती, आणि खोडरबर कुणाचा यावरून रोज भांडण.

पानं छापून झाली तेव्हा गठ्ठा चांगलाच जाड झाला. एका पानावर ओळी थोड्या मावायच्या. तो उराशी धरून ती ताईकडे गेली, आणि वाटेत मनात जे दृश्य रंगवलं होतं त्यातलं काहीही झालं नाही. ताईने पहिलं पान हातात घेतलं, मान तिरकी केली, आणि तिचा चेहरा आक्रसला. "हे खोक्यावरचं आहे." "हो." "म्हणजे मी खोकं आहे का?" "ताई, असं काय करतेस..." "साऱ्या जगाला सुंदर अक्षरं करून दिलीस. दवाखान्यांना दिलीस, अत्तरांना दिलीस. आणि बहिणीला हे. जपून उचला. आडवी ठेवू नका." आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता, आणि धाकटीला माहीत होतं की ताईचा आवाज खाली येतो तेव्हा शेवटच्या रांगेतल्या माणसालाही नीट ऐकू जातो. तिला रडू आलं, रागही आला. हे मी तुला तोडकंमोडकं काही दिलेलं नाही, हे तुझ्याच त्या खालच्या प्रतीतून आलंय, तू भिंतीकडे तोंड करून उभी असायचीस तेव्हा मी हेच बघत असायचे, असं तिला सांगायचं होतं. पण ते सगळं तोंडाशी आल्यावर फार मोठं वाटलं. "सुंदरच आहेत ती," एवढंच ती म्हणाली, आणि गठ्ठा टेबलावर ठेवून निघाली. जिन्यात भावजी मागून आले, चपला न घालता. "तू मनावर घेऊ नकोस," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "घेच खरं तर," म्हणाले आणि परत गेले.

त्यानंतर ताईचा फोन आला नाही. धाकटी कामाला जायची, अत्तरवाल्यांच्या अक्षरावर बसायची, त्याच्या बारीक रेघा नकळत थोड्या जाड करायची आणि पुन्हा पूर्ववत करायची. रस्त्यात हमाल दिसला की मान दुसरीकडे वळवायची. तिला वाटायचं, आपण चुकलोच. माणूस नुसतं वाचत नाही, अक्षराचा चेहराही बघतो, आणि हे आपल्याइतकं कुणाला माहीत असायला हवं होतं? लग्नाचं आमंत्रण कुणी पावतीच्या अक्षरात छापत नाही. पण मग खोक्यावरची ती ओळ डोळ्यांसमोर यायची, आणि ताई, ट्रे घेऊन चालत येणारी, सहज, न अडखळता वाचून गेलेली. ते खोटं नव्हतं. मन असं हेलकावे खात होतं आणि अशाच एका दुपारी फोन वाजला.

"तुझ्या 'घ' आणि 'ध'ने मला वैताग आणलाय," पलीकडून ताई म्हणाली. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "ती सून म्हणते, 'घर सोडा आता.' मी सकाळपासून 'धर सोडा' वाचतेय. म्हटलं ही काय कुस्ती लावलीय सासू-सुनेची?" धाकटीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "कुठल्या पानावर आहेस?" "दुसऱ्या अंकात." ताईने पलीकडे एक पान उलटलं. मग म्हणाली, "हळूहळू जातंय. मुंगीसारखं. एक शब्द, मग दुसरा. पण सुटा सुटा मिळतो गं प्रत्येक. एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत." आणि मग पुन्हा आपल्या नेहमीच्या सुरात, "ये आता. पेन्सिल घेऊन ये. बऱ्याच तक्रारी आहेत."

तक्रारी खरोखरच बऱ्याच होत्या. ताई खुर्चीत बसायची, दिवा खांद्यावरून पुढे ओढून घ्यायची, पान डोळ्यांच्या एका बाजूला धरायची आणि धाकटी समोर बसून अक्षरं दुरुस्त करायची. 'भ' आणि 'म' लांबून भाऊ वाटतात, तर 'भ'ची गाठ मोठी कर. 'ख' फुटतो, त्याचे दोन वेगळे प्राणी दिसतात, तर त्यांना खालून एकाच पट्टीवर उभं कर. 'ध'चं डोकं इतकं उघडं ठेव की 'घ' म्हणायची कुणाची हिंमत होऊ नये. धाकटीने आयुष्यभर परीक्षकांच्या, ग्राहकांच्या, जाणकारांच्या सूचना ऐकल्या होत्या. 'थोडं अधिक उबदार करा', 'जरा तरुण दिसू दे'. इतक्या रोखठोक सूचना तिला कधीच मिळाल्या नव्हत्या. ताईला अक्षर सुंदर आहे की नाही याच्याशी आता काही देणंघेणं उरलं नव्हतं, आणि तरीही एकदा, नवीन 'ध' बघताना, ती मधेच म्हणाली, "हा छान उभा राहिलाय बरं का. कंबरेवर हात ठेवून." धाकटीने पेन्सिल खाली ठेवली. गेली कित्येक वर्षं दोघी एकमेकींच्या कामाबद्दल शिष्टाचारापुरतं बोलत आल्या होत्या. ताई तिच्या अक्षरांना 'गोड' म्हणायची आणि ती ताईच्या भूमिकांना 'अप्रतिम'. आता एका अक्षराच्या पोटावरून त्या कडकडून भांडत होत्या आणि भावजी स्वयंपाकघरातून दोन्ही बाजूंना चहा पुरवत होते.

नाटकाच्या पहिल्या वाचनाला धाकटी गेली, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. तालमीचा हॉल उंच खिडक्यांचा होता, टेबलं जोडून मोठं टेबल केलं होतं. सगळ्यांच्या हातात पातळ पुस्तिका. ताईसमोर विटेएवढा गठ्ठा. मुलाची भूमिका करणारा नट त्या गठ्ठ्याकडे बघत होता आणि बघत नसल्याचं दाखवत होता. ताईने वाट बघितली नाही. "मला मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं," ती म्हणाली. "म्हणून हे हत्तीएवढे कागद आणि म्हणून मी तुमच्याकडे बघून बोलले तर कानाकडे बघतेय असं वाटेल. हळू वाचीन. कंटाळा आला तर उघड जांभया द्या, मला तशाही दिसायच्या नाहीत." कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, दिग्दर्शिका सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जास्त. वाचन सुरू झालं. ताई हळू वाचत होती. ती एका शब्दावर थांबायची, तो पूर्ण घ्यायची आणि मगच पुढच्यावर पाऊल टाकायची. एका ठिकाणी ती अडली. हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. धाकटीला पानाचा आकडा माहीत होता, ओळ माहीत होती, शब्द जिभेवर होता. तिने ओठ घट्ट मिटले. ताईने पान जरा वर उचललं, मान वळवली, आणि शब्द स्वतःच शोधून काढला. तो तिने असा म्हटला की समोरचा नट आपली पुस्तिका खाली ठेवून तिच्याकडे बघायला लागला. त्याची पाळी आली होती. त्याला आठवण करून द्यावी लागली.

नाटक झालं. लोकांनी ताईच्या नजरेबद्दल नेहमीसारखंच लिहिलं, फक्त आता त्यांना ती 'दूर कुठेतरी लागलेली' वाटली. डोळे सुधारले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते तसंच ते हळूहळू जात होते, आणि काही दिवस वाईट असायचे, तेव्हा ताई कुणाशी बोलायची नाही. हमाल मात्र आता गोदामातून बाहेर पडला होता. भागीदाराने त्याला त्यांच्या फॉन्टच्या यादीत सगळ्यात वर घेतलं, नाव बदलायचा आग्रह धरला, आणि त्याला सुचलेली सगळी नावं ताईने फोनवरच नामंजूर केली. एका वाचनालयाने विचारणा केली, मग दुसऱ्या. आणि ताईची स्वतःची एक मागणी होती. आता मला पाठ करायचं नसलेलं काहीतरी दे, ती म्हणाली, ज्याचा काडीचा उपयोग नाही असं. धाकटीने एक जाडजूड रहस्यकथा हमालात लावली आणि तिचे भाग करून भावजींच्या हाती पाठवून दिली.

एका शनिवारी दुपारी ती ताईकडे गेली तेव्हा भावजी बाजारात गेले होते. तिने घंटी वाजवली. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली. आतून आवाज आला, "कोण आहे?"

"मी गं."

"थांब जरा."

"काय झालं? बरी आहेस ना?"

"खून झालाय," ताई आतून ओरडली. "बागेत. आणि हा मेला इन्स्पेक्टर चहा पीत बसलाय."

"अगं, दार तर उघड!"

"पान संपू दे ना. आता उठले तर ओळ हरवेल, मग मला ती सापडायला वेळ लागतो. बस तिथेच."

धाकटी दाराशी क्षणभर उभी राहिली. मग जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली, पिशवी शेजारी ठेवली. वरच्या मजल्यावरची शेजारीण खाली येत होती, ती थबकली. "किल्ली नाही का? ताई घरी आहेत की."

"आहे ना," धाकटी म्हणाली. "वाचतेय."

शेजारीण काही न कळून हसली आणि उतरून गेली. जिन्याच्या खिडकीतून ऊन येत होतं आणि पायऱ्यांवर तिरकं पडलं होतं. आत बराच वेळ काही आवाज नव्हता. मग एक जाड कागद उलटल्याचं स्पष्ट ऐकू आलं, आणि पाठोपाठ ताईचा आवाज, अपराधी, पण फारसा नाही.

"अजून एकच पान गं!"

"वाच," धाकटी म्हणाली, आणि पाय उन्हात लांब केले.